स्विचिंग व्होल्टेज रेग्युलेटरमधील आरंभदोष

स्विचिंग व्होल्टेज रेग्युलेटरच्या इनपुटला योग्य विद्युतदाब मिळत असूनही आउटपुटचा दाब ठरलेल्या पातळीपर्यंत न चढणे, चढून लगेच कोसळणे किंवा पुन्हापुन्हा चढ-उतार करीत राहणे, अशा बिघाडांना आरंभदोष म्हणतात. मोबाइलचा चार्जर, सेट-टॉप बॉक्स, दूरचित्रवाणी संच, एलईडी दिवा, संगणक अशा बहुतेक उपकरणांच्या वीजपुरवठ्यात आज स्विचिंग रेग्युलेटर असतो. त्यामुळे 'काल रात्री नीट बंद केले, आज सकाळी सुरूच होत नाही' अशी तक्रार ज्या उपकरणांबद्दल केली जाते, त्यांपैकी पुष्कळांत मूळ दोष याच भागात सापडतो.

चालू अवस्थेतील बिघाड आणि आरंभदोष यांत भेद करणे आवश्यक आहे. चालू असलेला रेग्युलेटर स्वतःच स्वतःला सांभाळत असतो. त्याच्या नियंत्रक आयसीला लागणारी वीजही अनेकदा त्याच्याच आउटपुटमधून किंवा रोहित्राच्या एका जादा वेटोळ्यातून मिळते. आरंभी मात्र यांपैकी काहीच उपलब्ध नसते. आउटपुटचे कपॅसिटर रिकामे असतात, नियंत्रक अजून जागा झालेला नसतो आणि भार मात्र पहिल्या क्षणापासून प्रवाह मागत असतो. म्हणूनच वर्षानुवर्षे अखंड चालणारा परिपथ एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही, असे घडू शकते.

कार्यतत्त्व

७८०५ सारखा रेषीय रेग्युलेटर जादा दाब उष्णतेच्या रूपाने खर्च करतो. १२ व्होल्टपासून ५ व्होल्ट मिळवताना १ अँपिअर प्रवाहास त्यात ७ वॅट उष्णता निर्माण होते. स्विचिंग रेग्युलेटरमध्ये ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू असतो, नाही तर पूर्ण बंद. मधल्या अवस्थेत तो जवळजवळ नसतोच. चालू काळात कॉइलमध्ये ऊर्जा साठते, बंद काळात ती डायोडमार्गे आउटपुटला मिळते. चालू काळाचे एकूण काळाशी असलेले प्रमाण बदलून आउटपुटचा दाब राखला जातो. १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट करणाऱ्या परिपथात हे प्रमाण साधारण ४२ टक्के असते. आउटपुटचा काही अंश नियंत्रकाकडे परत पाठवला जातो. त्याची एका स्थिर संदर्भदाबाशी तुलना होते आणि त्यावरून पुढील स्पंदाची रुंदी ठरते. या परतीच्या मार्गास फीडबॅक म्हणतात.

हे सर्व नियंत्रण एका आयसीत सामावणारा पहिला व्यापारी नियंत्रक म्हणून सिलिकॉन जनरल या अमेरिकी कंपनीचा एसजी१५२४ ओळखला जातो. रॉबर्ट मॅमानो यांनी रचलेला हा आयसी १९७६ मध्ये बाजारात आला. प्रस्तुत लेखात उदाहरणांसाठी मुख्यतः दोन आयसी घेतले आहेत. नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीचा एलएम२५७६ हा कमी दाबावर चालणारा व विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सर्रास आढळणारा आहे, तर युनिट्रोड कंपनीचा यूसी३८४२ हा घरगुती विजेवर थेट चालणाऱ्या पुरवठ्यांत वापरला जातो. दोन्ही आयसी जुने आहेत. पण त्यांचे दोष नव्या आयसींतही त्याच स्वरूपात भेटतात.

आरंभाचा क्रम

स्विचिंग रेग्युलेटर एका क्षणात सुरू होत नाही. प्रथम इनपुटचा दाब चढतो. तो ठरावीक उंबरठ्यापलीकडे गेला की नियंत्रकातील अल्पदाब-रोधक यंत्रणा मोकळी होते. मग आयसीमधील संदर्भदाब उभा राहतो, आंदोलक चालू होतो, स्पंद निघू लागतात आणि आउटपुटचे कपॅसिटर भरू लागतात. शेवटी आउटपुट ठरलेल्या पातळीला पोहोचते आणि फीडबॅक ताबा घेतो. यांतील नेमक्या कोणत्या पायरीवर परिपथ थांबला आहे, हे शोधणे म्हणजेच आरंभदोषाचे निदान होय. ही दृष्टी नसेल तर दुरुस्ती म्हणजे एकामागून एक भाग बदलत राहणे एवढेच उरते, आणि दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी तसेच चालते.

स्पंद निघू लागल्यानंतरचा काळ विशेष कठीण असतो. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १ मिलिसेकंदात ५ व्होल्टपर्यंत भरायचा असेल तर केवळ त्यासाठीच ५ अँपिअर प्रवाह लागतो. तेच काम १० मिलिसेकंदांत करायचे असेल तर अर्धा अँपिअर पुरतो. यासाठी अनेक नियंत्रकांत स्पंदांची रुंदी हळूहळू वाढवण्याची सोय असते. तिला मृदू आरंभ म्हणतात. मृदू आरंभाचा कपॅसिटर चुकून फार लहान बसवला, तर प्रवाहमर्यादा पहिल्याच काही स्पंदांत आड येते.

सुरक्षितता

२३० व्होल्टच्या घरगुती विजेवर चालणाऱ्या पुरवठ्यात एकदिशीकरणानंतर मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट दाब असतो. सुरू न होणारा पुरवठा हा चालू पुरवठ्यापेक्षा अधिक धोकादायक असतो. चालू परिपथ बंद केला की तो साठलेली ऊर्जा लवकर वापरून टाकतो. आरंभदोष असलेल्या परिपथात ती वापरणारे कोणी नसते, आणि प्लग काढल्यानंतरही कपॅसिटर दीर्घकाळ भरलेला राहू शकतो. १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टला ५ जूलहून अधिक ऊर्जा असते. कपॅसिटर रिकामा करण्यासाठी १ ते २ किलोओहमचा, ५ ते १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर विद्युतरोधक मुठीच्या तारांनी काही सेकंद जोडावा आणि नंतर मल्टिमीटरने खात्री करावी. पेचकसाने दोन टोके जोडून ठिणगी पाडण्याची पद्धत कपॅसिटरला व माणसाला सारखीच घातक आहे.

पुरवठ्याच्या प्राथमिक बाजूचा 'ग्राउंड' हा जमिनीशी जोडलेला नसतो. तो थेट वीजवाहिनीच्या संपर्कात असतो. तेथे ऑसिलोस्कोपची ग्राउंड चिमटी लावल्यास मोठा शॉर्ट सर्किट होतो. अशा मापनासाठी विलगक रोहित्र वापरणे अनिवार्य आहे. दुरुस्तीच्या दुकानांत आढळणारा सिरीज बोर्ड, म्हणजे ६० किंवा १०० वॅटचा तापदीप दिवा पुरवठ्याशी एकसरीत जोडण्याची सोय, ही स्वस्त व उत्तम खबरदारी आहे. परिपथात शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण तेजाने पेटतो आणि नवे बसवलेले भाग वाचतात. हा दिवा मात्र विलगन देत नाही, त्यामुळे विजेच्या धक्क्यापासून संरक्षण होत नाही. शिवाय दिव्याच्या रोधामुळे निरोगी पुरवठाही मोठ्या भारासह सुरू होण्यास अडखळू शकतो.

घरगुती विजेवरील पुरवठा : आरंभ-कपॅसिटरचा दोष

यूसी३८४२ आयसीचे आरंभ व थांबा यांचे उंबरठे वेगवेगळे आहेत. त्याच्या ७ क्रमांकाच्या पिनेवरील दाब सुमारे १६ व्होल्ट झाल्यावर तो चालू होतो आणि १० व्होल्टखाली उतरल्यावर बंद पडतो. चालू होण्याआधी तो १ मिलिअँपिअरपेक्षा कमी प्रवाह घेतो. चालू झाल्यावर मॉस्फेटचे गेट चालवण्यासह सुमारे १५ मिलिअँपिअर घेतो. या विषमतेचाच उपयोग रचनेत केला जातो. ३२५ व्होल्टपासून एका मोठ्या रोधाच्या रेझिस्टरमधून एक लहान इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हळूहळू भरला जातो. तो १६ व्होल्टला पोहोचला की आयसी जागा होतो आणि त्या कपॅसिटरमधील साठ्यावर काही मिलिसेकंद चालतो. तेवढ्या वेळात रोहित्राच्या साहाय्यक वेटोळ्यातून पुरवठा सुरू झाला पाहिजे. झाला तर परिपथ स्वावलंबी होतो, नाही तर दाब १० व्होल्टखाली जाऊन सर्व प्रक्रिया पुन्हा आरंभापासून सुरू होते.

हा हिशेब अंकांत पाहणे उद्बोधक ठरते. रेझिस्टर १५० किलोओहमचा आणि कपॅसिटर ४७ मायक्रोफॅरडचा आहे असे मानू. रेझिस्टरमधून सुमारे २ मिलिअँपिअर येतो. त्यांतील अर्धा मिलिअँपिअर आयसीने घेतला तर कपॅसिटर १६ व्होल्टपर्यंत भरण्यास साधारण अर्धा सेकंद लागतो. आयसी चालू झाल्यावर जाणारा प्रवाह येणाऱ्यापेक्षा सुमारे १३ मिलिअँपिअरने जास्त असतो. १६ पासून १० पर्यंतची ६ व्होल्टची घसरण या गतीने जवळजवळ २२ मिलिसेकंदांत होते. आउटपुट उभे राहण्यास १० मिलिसेकंद लागत असतील तर २२ मिलिसेकंद पुरेसे आहेत. आता हाच कपॅसिटर जुना होऊन त्याची धारिता ५ मायक्रोफॅरडवर आली असे समजू. मग हातात जेमतेम सव्वादोन मिलिसेकंद उरतात, आणि परिपथ सुरू होणे अशक्य होते.

याच गणितातून एक जुने कोडे सुटते. कपॅसिटर इतका खालावलेला असूनही उपकरण काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चालत होते, ते कसे? चालू अवस्थेत साहाय्यक वेटोळे प्रत्येक आवर्तनात, म्हणजे सेकंदाला हजारो वेळा, कपॅसिटर भरत असते. दोन भरण्यांमधील अत्यल्प काळासाठी ५ मायक्रोफॅरडही पुरतात. दोष महिनोन्‌महिने दडून राहतो आणि पहिल्यांदा वीज गेली की उघड होतो. भारनियमनानंतर वीज परत आली आणि यंत्र सुरूच झाले नाही, की 'वीज येताना दाब जास्त आला असणार' असा तर्क केला जातो. तो काही वेळा खराही असतो. पण मॉस्फेट, फ्यूज व डायोड शाबूत असतील तर पहिला संशय या काही रुपयांच्या कपॅसिटरवर घेणे अधिक सयुक्तिक ठरते. केवळ त्याच्यापायी संपूर्ण संच भंगारात गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

हा कपॅसिटर लवकर का खालावतो, याचे कारण त्याच्या जागेत आहे. तो आकाराने लहान असतो आणि बहुधा रोहित्र किंवा उष्णताशोषक पट्टीच्या शेजारी बसवलेला असतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमानातील प्रत्येक १० अंश सेल्सिअस वाढीमागे साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. आतील द्रव कमी होत जातो, धारिता घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. बाहेरून तो फुगलेला दिसेलच असे नाही. बहुतेक वेळा तो अगदी नवा असल्यासारखा दिसतो. थंडीत अंतर्गत रोध आणखी वाढत असल्यामुळे हिवाळ्यातील सकाळी सुरू न होणारे आणि दुपारी आपोआप सुरू होणारे उपकरण या दोषाची जवळजवळ ग्वाहीच देते. हेअर ड्रायरने त्या भागाला थोडी ऊब दिल्यावर पुरवठा सुरू झाला, तर निदान पक्के मानण्यास हरकत नाही. बदली कपॅसिटर १०५ अंशांचा व ५० व्होल्टचा घ्यावा. ८५ अंशांचा स्वस्त कपॅसिटर बसवला तर तोच दोष पुन्हा लवकर उद्भवतो.

दुसरा नेहमीचा अपराधी म्हणजे तो १५० किलोओहमचा रेझिस्टर. त्यावर सतत सुमारे ३१० व्होल्ट पडतात आणि त्यात ०.६ वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. पाव वॅटचे साधे रेझिस्टर सामान्यतः २५० व्होल्टपर्यंतच्या दाबासाठी असतात. त्यामुळे चांगल्या रचनेत दोन-तीन रेझिस्टर एकसरीत घातलेले दिसतात. एकच लहान रेझिस्टर घातला असेल तर तो कालांतराने तुटतो, आणि मग ७ क्रमांकाच्या पिनेवर दाब येतच नाही. पुरवठा पूर्ण निपचित पडतो. फ्यूज मात्र चांगला असतो आणि मुख्य कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट भरलेले असतात.

अलीकडच्या अनेक आयसींत हा रेझिस्टर नसतोच. पॉवर इंटिग्रेशन्स कंपनीच्या टॉपस्विच मालिकेत आरंभीचा प्रवाह आयसीतील उच्चदाबाच्या प्रवाहस्रोतातून येतो. अशा परिपथात आरंभ-रेझिस्टर शोधत बसणे व्यर्थ आहे.

उचकी-अवस्था

पुरवठा ठरावीक अंतराने 'टिक-टिक' करीत चालू-बंद होत राहतो, त्या स्थितीला इंग्रजीतही उचकीवरूनच नाव पडले आहे. मराठीत तिला उचकी-अवस्था म्हणणे स्वाभाविक ठरेल. वरील उदाहरणात निरोगी ४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला १० पासून १६ व्होल्टपर्यंत पुन्हा भरण्यास सुमारे १७५ मिलिसेकंद लागतात. म्हणजे एक उचकी साधारण एक-पंचमांश सेकंदाची होते आणि सेकंदाला पाचच्या आसपास टिचक्या ऐकू येतात. कपॅसिटर ५ मायक्रोफॅरडवर आलेला असेल तर त्याच उचक्या सेकंदाला ४५ ते ५० होतात. टिकटिकीऐवजी हलकी गुरगुर ऐकू येते. सावकाश टिकटिक असेल तर आरंभ-कपॅसिटर बहुधा ठीक आहे, दोष पुढे आहे. आउटपुटचा डायोड शॉर्ट झालेला असतो, भारात शॉर्ट असतो किंवा साहाय्यक वेटोळ्याचा डायोड तुटलेला असतो. जलद गुरगुर असेल तर प्रथम कपॅसिटर पाहावा. प्रत्येक पुरवठ्यातील मूल्ये वेगळी असल्याने हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण रेझिस्टर व कपॅसिटरची मूल्ये वाचून असा अंदाज कोणत्याही पुरवठ्यासाठी करता येतो.

आयसी स्वतः चांगला आहे का, हे घरगुती वीज न जोडता तपासता येते. प्लग काढून, मुख्य कपॅसिटर रिकामा करून, ७ क्रमांकाची पिन व ५ क्रमांकाची ग्राउंड पिन यांना बाहेरील नियंत्रित दिष्ट पुरवठा जोडावा. प्रवाहमर्यादा ५० ते १०० मिलिअँपिअर ठेवून दाब हळूहळू वाढवावा. १६ व्होल्टच्या सुमारास ८ क्रमांकाच्या पिनेवर एकदम ५ व्होल्टचा संदर्भदाब दिसला पाहिजे, ४ क्रमांकावर करवती आकाराची लहर आणि ६ क्रमांकावर स्पंद. दाब १० व्होल्टखाली आणल्यावर हे सर्व बंद झाले पाहिजे. ही चाचणी पार पडली तर आयसी बदलण्याचे कारण उरत नाही. यूसी३८४२ च्या जागी यूसी३८४३ बसवण्याची चूकही अधूनमधून घडते. त्याचे उंबरठे ८.४ व ७.६ व्होल्ट आहेत. तो आयसी लवकर जागा होतो खरा, पण १६ व्होल्टपर्यंतचा साठा जमण्याआधीच. आणि त्याला घसरणीसाठी एका व्होल्टाचीही मोकळीक नसते.

दुर्बल स्रोत

रेषीय रेग्युलेटरला सवयलेल्या व्यक्तीस स्विचिंग रेग्युलेटरचा एक गुणधर्म चकवतो : इनपुटचा दाब कमी झाला की तो अधिक प्रवाह घेतो. ५ व्होल्टला ३ अँपिअर देणारा आणि ८० टक्के कार्यक्षमतेचा रेग्युलेटर इनपुटमधून १८.७५ वॅट घेतो. २४ व्होल्टला तो प्रवाह ०.७८ अँपिअर असतो, पण ८ व्होल्टला २.३४ अँपिअर. स्रोताची मर्यादा १ अँपिअर असेल तर २४ व्होल्टवर परिपथ आरामात चालला असता. मात्र चढत्या दाबाच्या काळात, ८ व्होल्टच्या आसपास, रेग्युलेटर चालू होऊन २ अँपिअरहून अधिक मागतो. स्रोत तेवढे देऊ शकत नाही आणि दाब तेथेच अडकून पडतो. प्रयोगशाळेतील नियंत्रित पुरवठ्याची प्रवाहमर्यादा 'सुरक्षिततेसाठी' फार कमी ठेवल्यास नेमके हेच होते. सौर पटलाला थेट जोडलेला रेग्युलेटर कोवळ्या उन्हात सुरू न होण्याचे कारणही हेच आहे.

लांब व बारीक तारांचा परिणाम तसाच असतो. १२ व्होल्टच्या स्रोतापासून येणाऱ्या तारांचा एकूण रोध २ ओहम असेल तर त्यांतून जास्तीत जास्त १८ वॅट पोहोचू शकतात, वरील १८.७५ वॅटची मागणी कधीच पूर्ण होणार नाही.

यावरील उपाय म्हणजे इनपुट पूर्ण चढेपर्यंत रेग्युलेटरला रोखून धरणे. एलएम२५७६ मध्ये इनपुट व ५ क्रमांकाची चालू-बंद पिन यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्या पिनेपासून ग्राउंडपर्यंत ४७ किलोओहमचा रेझिस्टर जोडल्यास काही मिलिसेकंदांचा विलंब मिळतो. हाच आयसी धन दाबापासून ऋण दाब निर्माण करण्यासाठी वापरला, तर आरंभीची मागणी आणखी वाढते. ५ अँपिअरपेक्षा कमी क्षमतेचा स्रोत तेव्हा अपुरा पडू शकतो.

एलएम२५७६ परिपथातील नेहमीच्या चुका

या आयसीची चालू-बंद पिन ग्राउंडला जोडली की तो चालू होतो आणि तिच्यावर दाब दिला की बंद. अनेक नव्या आयसींत नेमके उलट असते. एका आयसीची सवय दुसऱ्याला लावल्यामुळे निर्दोष परिपथ 'मेलेला' ठरतो. ही पिन मोकळी सोडणेही योग्य नाही. तिची अवस्था मग अनिश्चित राहते.

आउटपुटचा दाब नेमका किती आहे, हेही बरेच सांगून जाते. तो १.२३ व्होल्टला स्थिर असेल तर ५ व्होल्टच्या स्थिर प्रकाराऐवजी समायोज्य प्रकारचा आयसी आला आहे आणि त्याची फीडबॅक पिन थेट आउटपुटला जोडली गेली आहे, असे समजावे. समायोज्य प्रकारात विभाजकाचा खालचा रेझिस्टर तुटला तरी आउटपुट १.२३ व्होल्टच्या जवळपास येते. वरचा तुटला तर मात्र रेग्युलेटरला आउटपुट शून्य असल्याचा भास होतो आणि तो जवळजवळ पूर्ण इनपुट दाब भारावर लोटतो. म्हणून नव्याने जुळवलेला परिपथ प्रथमच चालू करताना मौल्यवान भार जोडू नये. १० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर या कामी पुरतो. दाब वाढवणाऱ्या, म्हणजे बूस्ट प्रकारच्या परिपथात स्विच मुळीच चालत नसला तरी आउटपुटला इनपुटपेक्षा डायोडच्या घटीइतका, म्हणजे काही दशांश व्होल्ट कमी, दाब दिसतो. १२ व्होल्ट अपेक्षित असताना ५ व्होल्टच्या इनपुटवर ४.६ व्होल्ट दिसले, तर 'थोडे तरी चालते आहे' असे समजू नये. काहीच चालत नाही.

एलएम२५७६ चा आंदोलक ५२ किलोहर्ट्झवर चालतो, जो आवाज मानवी कानाला ऐकू येत नाही. आउटपुट सुमारे ४० टक्क्यांनी खचले की आयसी स्वसंरक्षणार्थ वारंवारता साधारण ११ किलोहर्ट्झपर्यंत उतरवतो आणि कॉइलमधून बारीक शीळ ऐकू येऊ लागते. शीळ ऐकू आली की अतिभार, शॉर्ट किंवा संपृक्त झालेली कॉइल, या दिशेने शोध घ्यावा. तरुण कानांना ही शीळ सहज ऐकू येते. वयस्करांनी शेजारी एखादा विद्यार्थी बसवावा.

कॉइलबाबत विद्यार्थ्यांची फसगत वारंवार होते. जुन्या यंत्रातून काढलेले कोणतेही वेटोळे चालेल, असा समज असतो. गोंगाटरोधक म्हणून वापरलेल्या फेराइट वलयावर मोजलेले प्रवर्तन भरपूर येते, परंतु त्यात हवेची फट नसल्याने थोड्याच प्रवाहात ते वलय संपृक्त होते. प्रवाह झपाट्याने चढतो, प्रवाहमर्यादा प्रत्येक आवर्तनात आड येते आणि आउटपुट अर्ध्यावर रेंगाळते. हलक्या भारावर परिपथ चालतो आणि भार वाढवताच कोसळतो, ही त्याची खूण आहे. मल्टिमीटर कॉइलचा केवळ रोध दाखवतो; संपृक्तीचा थांगपत्ता त्याला नसतो. डायोडच्या बाबतीतही तसेच आहे. शॉट्की डायोडऐवजी १एन४००७ बसवला तर तो इतक्या वेगाने बंद होऊ शकत नाही आणि परिपथ तापून थांबतो.

ब्रेडबोर्डवर जुळवलेला स्विचिंग रेग्युलेटर सुरू झाला नाही, तर दोष आधी ब्रेडबोर्डचा मानावा. लांब तारांचे प्रवर्तन व सैल संपर्क यांमुळे आयसीच्या पिनेपाशी दाब क्षणोक्षणी कोसळतो. इनपुटचा कपॅसिटर आयसीला चिकटून असणे आणि फीडबॅकची तार कॉइलपासून दूर असणे, या दोन गोष्टींनी निम्मे प्रश्न सुटतात. इनपुटला केवळ सिरॅमिक कपॅसिटर असताना चालू स्रोताची तार एकदम जोडली, तर तारेचे प्रवर्तन व कपॅसिटर यांच्या दोलनामुळे इनपुटचा दाब क्षणभर जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. २४ व्होल्टचा स्रोत तेव्हा ४० व्होल्टची मर्यादा असलेला आयसी पहिल्याच क्षणी निकामी करतो. सिरॅमिकच्या जोडीला एक साधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावल्यास हे दोलन दबते.

बाजारातील नकली आयसींचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. १५० किलोहर्ट्झच्या एलएम२५९६ ची छाप असलेले, परंतु प्रत्यक्षात सुमारे ५० किलोहर्ट्झवर चालणारे आयसी आढळतात. १५० किलोहर्ट्झसाठी निवडलेली लहान कॉइल त्यांना अपुरी पडते.

बूटस्ट्रॅप कपॅसिटर

वरच्या बाजूस एन-चॅनल मॉस्फेट असलेल्या रेग्युलेटरमध्ये गेट चालवण्यासाठी इनपुटपेक्षा उंच दाब लागतो. तो स्विचच्या टोकाला जोडलेल्या एका लहान, बहुधा ०.१ मायक्रोफॅरडच्या, कपॅसिटरमधून मिळतो. स्विचचे टोक खाली जाते तेव्हाच हा कपॅसिटर भरतो. आउटपुटवर आधीच दाब असेल, उदाहरणार्थ बॅटरी जोडलेली असेल, आणि भार जवळजवळ नसेल, तर ते टोक खाली जातच नाही. कपॅसिटर भरत नाही आणि परिपथ सुरू होत नाही. आउटपुटला थोडासा कायमचा भार दिल्याने हा दोष अनेकदा नाहीसा होतो.

मापनातील फसगत

साध्या डिजिटल मल्टिमीटरचा आकडा सेकंदाला दोन-तीन वेळाच बदलतो. काही मिलिसेकंदांची घसरण त्याच्या सरासरीत लपून जाते. इनपुट १२ व्होल्टला स्थिर दिसते, पण प्रत्यक्षात ते दर स्पंदासरशी ५ व्होल्टला कोसळत असते. किमान मूल्य पकडून ठेवणारा मीटर किंवा ऑसिलोस्कोप यासाठी उपयोगी पडतो. ऑसिलोस्कोप नसल्यास दाब उतरवणाऱ्या, म्हणजे बक प्रकारच्या, परिपथात एक सोपी युक्ती करता येते. मल्टिमीटर दिष्ट दाबावर ठेवून स्विचच्या टोकावर लावावा. परिपथ चालत असेल तर तेथील सरासरी दाब आउटपुटपेक्षा किंचित जास्त दिसतो. टोकावरील सरासरी ठीक पण आउटपुट शून्य असेल, तर कॉइल तुटलेली किंवा तिचा जोड कोरडा आहे.

दुरुस्तीनंतरची चाचणी

दुरुस्त केलेला पुरवठा कारागिराच्या टेबलावर, उबदार अवस्थेत व पूर्ण २३० व्होल्टवर एकदा सुरू झाला, एवढ्यावरून तो बरा झाला असे म्हणता येत नाही. डिमरस्टॅटने इनपुट १८० व्होल्टपर्यंत उतरवून, पूर्ण भार जोडून तो सुरू होतो का, हे पाहावे. अर्थात त्या पुरवठ्याची नोंदलेली इनपुट-कक्षा तेवढी खाली जात असली पाहिजे. बंद करून दोन-तीन सेकंदांत पुन्हा चालू करावा, कारण अर्धवट रिकाम्या कपॅसिटरांसह होणारा आरंभ वेगळा असतो. शेवटची चाचणी रात्रभर बंद ठेवून सकाळी, थंड अवस्थेत करावी.